माफी आधी कोणी मागायची?

शाळेतली मधली सुट्टी म्हणजे आम्हा बायकांचं अर्ध्या तासाचं माहेरच! डबे उघडतात, कुणी भरीत आणलेलं असतं, कुणी लाखोरीचे वडे. चव घेता घेता सासू, सून, बदली, मुलांच्या परीक्षा असे सगळे विषय होऊन जातात. भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी अशा किती मधल्या सुट्ट्या काढल्या असतील, देव जाणे. पण त्यातली एक सुट्टी मला आजही सतावते. आज तीच तुम्हाला सांगायची आहे. सांगायला जीभ जड होते आहे, हे आधीच कबूल करते.

ऑक्टोबर २००६. दसरा नुकताच झाला होता. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात एका घरातली चार माणसं मारली गेली, एवढं कानावर आलं होतं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. पेपरात सुरुवातीला बातमी आली तीही छोटीशी, आणि आडून काहीतरी सुचवणारी. स्टाफरूममध्ये विषय निघाला. एकजण म्हणाली, ‘‘त्या बाईचंच काहीतरी होतं म्हणे.’’ दुसरीने मान हलवली. आणि मी? मी पोळीचा घास मोडता मोडता म्हटलं, ‘‘हो ना बाई, उगाच का कुणी कुणाच्या घरावर चालून जातं?’’

बस्स, एवढंच वाक्य. बोलले आणि विसरूनही गेले.

आमच्यातच एक बौद्ध सहकारी बाई बसलेल्या होत्या. आम्ही दोघी एकाच वर्षी शाळेत लागलो. माझ्या बाळंतपणात माझा वर्ग त्यांनी सांभाळला होता, त्यांच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी त्यांना डबा नेऊन दिला होता. रोज आमचे डबे एकमेकींसमोर उघडायचे. त्या दिवशी त्यांनी काही न बोलता डब्याचं झाकण लावलं आणि वर्गात निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गातच जेवू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘वह्या तपासायच्या असतात जी, तिथंच बरं पडतं.’’

मीही मानून घेतलं. खरं सांगू? मानून घेणं सोयीचं होतं.

काय घडलं होतं खैरलांजीत?

आज ज्या मैत्रिणी पंचविशीत आहेत, त्या तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

खैरलांजी आमच्या भंडारा जिल्ह्यातलंच, धानाच्या बांध्यांमधलं एक लहानसं गाव. तिथं भैयालाल भोतमांगे यांचं कुटुंब राहायचं. पत्नी सुरेखा, मुलगे रोशन आणि सुधीर, आणि १७ वर्षांची मुलगी प्रियंका. गावात बौद्धांची घरं मोजकीच. भोतमांग्यांची थोडी शेती होती. त्या शेतातून वाट देण्यावरून गावातल्या लोकांशी जुना वाद होता. सुरेखाबाई खमक्या होत्या. शेत कसायचं, मुलांना शिकवायचं आणि कुणापुढे मान खाली घालायची नाही, असा त्यांचा बाणा. प्रियंका बारावीत शिकत होती. ज्या घरात पोटापुरतं जेमतेम पिकतं, त्या घरात मुलीला बारावीपर्यंत शिकवणं म्हणजे काय, ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला शेजारच्या धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. ते भोतमांगे कुटुंबाच्या जवळचे, त्यांना आधार देणारे. सुरेखाबाई आणि प्रियंका यांनी पोलिसांसमोर मारणाऱ्यांची ओळख पटवली. कुणी मारलं ते आम्ही पाहिलं, असं त्या दोघींनी सांगितलं.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. भांडण आपल्या गल्लीत होतं तेव्हा आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. पोलीस आले तर म्हणतो, ‘‘आम्ही नव्हतो बाई घरी.’’ घरचेही तेच सांगतात, तू मधे पडू नको. सुरेखाबाई मधे पडल्या. लेकीला सोबत घेऊन पडल्या.

त्या प्रकरणात अटक झालेल्यांना २९ सप्टेंबरला जामीन मिळाला. त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर, चौघांनाही मारून टाकलं. भैयालाल तेवढे घराबाहेर होते. त्यांनी ते दुरून पाहिलं, आणि ते काहीही करू शकले नाहीत. मृतदेह नंतर कालव्यात सापडले. कोणत्या अवस्थेत सापडले, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिण्याची माझी छाती नाही, आणि त्या मायलेकींचा मान मला राखायचा आहे.

तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला दसरा होता. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. त्यातल्या कितीजणांना कळलं असेल, की जवळच्याच जिल्ह्यात एक बौद्ध घर असं संपून गेलंय? बातमी नीट बाहेर यायलाच आठवडे लागले. मग नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, यवतमाळ असं करत सगळीकडे लोक रस्त्यावर उतरले. मोर्चे निघाले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. आमच्या शाळेलाही तेव्हा सुट्टी मिळाली होती. मुलं खूश झाली. मी घरी बसून दिवाळीनंतरची आवराआवर केली.

निकाल आणि नंतर

तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्यात खटला चालला. अकराजणांवर आरोप होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यायालयाने आठजणांना दोषी ठरवलं, तिघांना सोडलं. २४ सप्टेंबरला सहाजणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. त्या दिवशी भंडाऱ्यात फटाके फुटतात की दगड पडतात, अशी धास्ती होती सगळ्यांना. पुढे १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

पण एक गोष्ट दोन्ही निकालांत सारखीच होती. अॅट्रॉसिटीचा कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांना आळा घालणारा १९८९ चा कायदा, या प्रकरणात लागू झाला नाही. हा जातीच्या द्वेषातून झालेला गुन्हा नाही, सूडातून झालेला आहे, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं. खून झाले हे मान्य, कुणी केले हेही मान्य. का केले, याबद्दल भैयालाल जे सांगत होते, ते मात्र मान्य झालं नाही.

मी काही वकील नाही. निकालावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एक बाई म्हणून मला एवढं कळतं की माणूस जातो तेव्हा मागे राहिलेल्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे, जे झालं ते झालं असं कुणीतरी म्हणावं. आणि दुसरी म्हणजे, ते का झालं तेही खरं-खरं म्हणावं. आजारपणात माणूस गेला तरी आपण डॉक्टरांना दहादा विचारतो ना, नेमकं काय झालं होतं हो? त्याशिवाय जीव शांत होत नाही. इथे तर चार माणसं होती.

भैयालाल पुन्हा गावात राहायला गेले नाहीत. सरकारने त्यांना वसतिगृहात शिपायाची नोकरी दिली, संरक्षणाला पोलीस दिला. आमच्याच भंडाऱ्यात ते राहत होते. मुलाबाळांचा बाप, आणि सोबतीला एक बंदूकधारी शिपाई! तारखांना जायचं, पत्रकारांना तेच-तेच पुन्हा सांगायचं, प्रत्येक २९ सप्टेंबरला तोच दिवस पुन्हा जगायचा. फाशी आणि अॅट्रॉसिटीचं कलम, ही त्यांची मागणी शेवटपर्यंत राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. २० जानेवारी २०१७ रोजी नागपूरच्या रुग्णालयात हृदयविकाराने ते गेले.

आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे डबा घेऊन येतात. बाया येतात, नुसत्या बसतात. बोलायला काही नसलं तरी बसतात. ‘‘भेटायला जाऊन येते,’’ असं सांगून आपण निघतो, मग ओळख जुजबी का असेना. भैयालाल आमच्याच शहरात दहा वर्षं होते. मी एकदाही भेटायला गेले नाही. मी त्यांना पाहिलं ते फक्त पेपरातल्या फोटोत.

‘‘आता सोडून द्यायला हवं होतं...’’

ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये पुन्हा तोच विषय निघाला. कुणीतरी हळहळून म्हणालं, ‘‘बिचारा! आयुष्यभर तेच धरून बसला. माफ करून मोकळा झाला असता तर चार दिवस सुखाचे गेले असते.’’

मलाही ते पटलंच होतं. आपण सगळ्या लहानपणापासून हेच ऐकत आलोय ना! पोटात घाल, मोठ्या मनाने सोडून दे, क्षमा करणारा मोठा. आणि हे कुणाला सांगितलं जातं? सुनेला सांगितलं जातं, सासूला नाही. मार खाल्लेल्या बायकोला सांगतात, नवऱ्याला नाही. ज्याचं गेलं त्यालाच मोठं मन करायला सांगायचं, ही आपली जुनी खोड आहे.

तरीही मनात एक प्रश्न होताच. क्षमा करणारी माणसं जगात असतातच की! ग्लॅडिस स्टेन्स यांची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. ओडिशात बारिपदा इथं कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे त्यांचे पती ग्रॅहम स्टेन्स आणि दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात गाडीत झोपले होते. जमावाने गाडीसकट त्यांना जाळलं. ग्लॅडिस यांनी सांगितलं की मारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, मी क्षमा केली आहे. लेक एस्थरला घेऊन त्या पुढेही काही वर्षं बारिपद्यातच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट वाचून माझेही डोळे भरून आले होते. पण त्यातला एक भाग आपण नेहमी विसरतो. क्षमा आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. क्षमा माझ्या मनाची, कायद्याने त्याचं काम करावं. आणि कायद्याने ते केलंही. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. आपल्या माणसांना का मारलं, हे ग्लॅडिस यांना कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. सगळ्या देशाने ते पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन शहरात कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये लोक बायबल वाचायला जमले होते. एक गोरा तरुण आला, त्यांच्यात बसला, आणि मग त्याने गोळ्या झाडून नऊजणांना मारलं. दोनच दिवसांनी न्यायालयात मृतांच्या नातेवाईकांना बोलू दिलं तेव्हा नदीन कोलियर नावाची बाई रडत रडत त्या तरुणाला म्हणाली की मी तुला क्षमा करते. तिची सत्तर वर्षांची आई, एथेल लान्स, त्या नऊजणांत होती. सगळ्या जगाने तिचं कौतुक केलं.

पण नदीनची सख्खी बहीण शॅरन रिशर हिला ते जमलं नाही. ती स्वतः धर्मोपदेशक, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाईकांना धीर देण्याचं काम करणारी. तिने उघड सांगितलं, मी अजून तिथवर पोचलेली नाही. तिला त्यासाठी बराच काळ लागला. आई एकच, गोळीही एकच, आणि दोन बहिणींचं दुःख दोन वेगळ्या चालींनी चालत होतं. यातली कोणती बहीण चांगली आणि कोणती वाईट, असं म्हणू शकाल तुम्ही? मी तरी नाही म्हणू शकत.

त्या बाईंनी मला सांगितलं ते

भैयालाल गेले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या सहकारी बाईंच्या वर्गात गेले. दहा वर्षांनी! त्या वह्या तपासत होत्या. खरोखरच तपासत होत्या. मी समोरच्या बाकावर बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून जे डोक्यात होतं तेच बोलून गेले.

‘‘बाई, बुद्धांनी तर क्षमाच शिकवली ना? मग भैयालालना का नसेल जमलं?’’

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. वर्गातल्या एखाद्या मुलाला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, ‘‘अंगुलिमालाची गोष्ट तुम्ही शिकवता ना मुलांना? त्यानं आधी शस्त्र टाकलं. मग तो भिक्खू झाला. भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, डोकं फुटलं, रक्त आलं. बुद्धांनी त्याला सांगितलं, सोस. त्या गोष्टीत बुद्ध मेलेल्यांच्या घरी जाऊन ‘तुम्ही माफ करा’ असं कुणाला म्हणत नाहीत. तुम्ही मात्र सगळेजण भैयालालच्याच दारात उभे. त्यांच्याकडे माफी मागायला कोण आलं होतं जी, की त्यांनी ती नाकारली?’’

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, कोण आलं होतं? मागितलीच नाही ती माफी त्यांनी द्यायची कुणाला?

थोड्या वेळाने मीच म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी जे बोलले होते...’’ वाक्य पुरं करता येईना. त्यांनीच पुरं केलं. ‘‘उगाच का कुणी चालून जातं, असं म्हणाला होतात तुम्ही.’’ दहा वर्षांनंतरही शब्द न् शब्द तोच! मी विसरले होते, त्या नाही. ‘‘त्या रात्री मी झोपले नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझी मुलगी प्रियंकाच्याच वयाची होती. मला वाटलं, उद्या माझ्या घरी काही झालं तर ह्या बाई हेच म्हणतील. पोळी खाता खाता म्हणतील.’’

मी रडले. माफ करा म्हणाले. मनात कुठेतरी वाटत होतं की आता त्या उठतील, माझा हात हातात घेतील, ‘जाऊ द्या हो’ म्हणतील. सिनेमात तसंच होतं ना!

त्या म्हणाल्या, ‘‘ते वाक्य सुरेखाबाईंबद्दल होतं. त्यांच्या वतीनं माफ करायला मी कोण? माझ्यापुरतं सांगाल तर, बघू. पण एक करा. पुन्हा कुणी असं बोललं, तर गप्प बसू नका. मला ऐकू यावं म्हणून नाही. मी तिथं नसेन तेव्हासुद्धा.’’

एवढं तर आपण करू शकतो

तेव्हापासून मी यावर खूप विचार केला आहे. क्षमा ही फार मोठी गोष्ट आहे, यात वादच नाही. ज्याला ती जमते त्याच्या पाया पडावं. पण ती मागायचा हक्क गावाला नाही, शेजाऱ्यांना नाही, आणि पोळी खाता खाता मत देणाऱ्या आपल्याला तर नाहीच नाही. तिला एक क्रम आहे. आधी खरं काय ते कबूल व्हावं लागतं. मग ज्याने केलं त्याने मागावी लागते. त्यानंतर ज्याचं गेलं त्याने ठरवायचं की द्यायची की नाही, आज द्यायची की कधीच नाही. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर कुणाला ढकललं, तर ती क्षमा होत नाही. ‘गप्प बस’ असं गोड शब्दांत सांगणं होतं ते.

आणि पहिल्या पायरीवर आपलं प्रत्येकीचं काम आहे. ते काही फार मोठं नाही. ‘तिचंच काहीतरी असेल’ हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ द्यायचं नाही. दुसरीच्या तोंडून आलं तर विचारायचं, ‘‘तू पाहिलंस का?’’ ज्या घरावर संकट कोसळलंय त्या घरी, जात न पाहता, भेटायला जायचं. डबा घेऊन जायचं. नुसतं बसायचं. आणि पाहिलं असेल तर पाहिलं म्हणायचं.

शेवटचं सगळ्यात अवघड, कारण सुरेखाबाईंचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कायद्यातला एक बदलही ठाऊक असू द्या. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. त्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं वेगळं प्रकरणच घातलं आहे. साक्षीदारांना संरक्षण देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तपासाच्या आणि खटल्याच्या काळात जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे, आरोपीच्या जामिनासकट कुठल्याही सुनावणीची सूचना पीडितांना मिळायला हवी, तिथं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जायला हवं. २९ सप्टेंबरच्या त्या जामिनाबद्दल वाचताना मला दरवेळी हेच आठवतं. कागदावरचा कायदा घरापर्यंत पोचायला आपण तो माहीत करून घ्यावा लागतो, बायांना सांगावा लागतो. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, पालकसभेत, कुठेही सांगा.

माझं म्हणाल तर, दोन वर्षांनी ती वेळ आलीच. नात्यातल्या एका लग्नात, पंगतीत, कुणीतरी दूरच्या गावच्या अशाच एका घटनेबद्दल म्हणालं, ‘‘मुलीचंच काहीतरी असेल.’’ त्या बाई तिथे नव्हत्या. ओळखीची सगळी आमचीच माणसं होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला. आवाज कापत होता, तरी म्हटलं, ‘‘तुम्ही पाहिलंत का हो? नसेल पाहिलं तर असं बोलू नका. मी एकदा असंच बोलले होते, अजून पस्तावते आहे.’’ पंगतीत शांतता पसरली. मोठ्या जाऊबाई नंतर मला म्हणाल्या, ‘‘लग्नात कशाला ग हे?’’ बरोबरच आहे त्यांचं. पण ते वाक्य बोलायला लग्न चालतं, आणि अडवायला चालत नाही, असं कसं?

शाळेत आल्यावर मी त्या बाईंना हे सांगितलं नाही. बक्षीस मागितल्यासारखं झालं असतं. मी निवृत्त झाले त्या दिवशी त्या निरोप समारंभाला आल्या, दोन शब्द बोलल्या, चांगलं बोलल्या. त्यांनी मला माफ केलं का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. ते त्यांचं आहे.

माझं काम माझ्याकडे आहे. दर २९ सप्टेंबरला मी घरी एक दिवा लावते आणि चार नावं म्हणते. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. पाचवं नाव भैयालाल यांचं. नात एकदा जवळ येऊन म्हणाली, ‘‘आजी, हे आपले कोण होते?’’

मी म्हटलं, ‘‘आपल्याच जिल्ह्यातले, बाळा. बस, तुला सगळं सांगते.’’ आणि सांगितलं. माझ्या त्या वाक्यासकट.